‘खडबडीत’ची सोय : स्पर्शवाचक विशेषणे आणि मराठी समीक्षा

इंग्रजीच्या अध्यापनात आणि इंग्रजी-मराठी अनुवादाच्या व्यवहारात एक समजूत इतकी रुळली आहे की ती तपासून पाहण्याची गरजही सहसा कोणाला वाटत नाही. पदार्थाचा स्पर्श आणि आकार सांगणारी विशेषणे इंग्रजीत विपुल व सूक्ष्म आहेत, मराठीत मात्र ती मोजकी व ढोबळ आहेत, अशी ही समजूत. पुरावा म्हणून शब्दसूची पुढे केली जाते. ‘रफ’, ‘कोर्स’, ‘रगिड’, ‘अनईव्हन’, ‘जॅगिड’ या पाच शब्दांपुढे परीक्षोपयोगी पुस्तकांत थोड्याफार फरकाने ‘खडबडीत’ हा एकच शब्द आढळतो. पाचांपुढे एक, म्हणून मराठी दरिद्री, असे अनुमान मग आपोआप निघते. वस्तुतः हे दारिद्र्य भाषेचे नसून सूचीचे आहे. आणि ही चूक वर्गाच्या चार भिंतींत राहिली असती तर तिच्यावर एवढा खल करण्याचे कारण नव्हते. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या भाषेचे वर्णन करताना मराठी समीक्षेनेही हीच सोय पत्करली आहे, आणि तिथे तिची किंमत अधिक मोठी आहे.

प्रश्न अमूर्त राहू नये यासाठी एखादे गाव समोर ठेवणे बरे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे गाव त्या दृष्टीने सोयीचे आहे. गावाचे नाव कशावरून पडले हा मुद्दा येथे अप्रस्तुत; परंतु तो ध्वनीच अनुवादकाला अडवतो. ‘कडा’ हा शब्द सामान्यनाम म्हणून एकवचनी घेतला तर डोंगराचा तुटलेला, उभा भाग समोर येतो. ‘कड’चे अनेकवचन म्हणून घेतला तर भाकरीच्या, ताटाच्या, पानाच्या किनारी समोर येतात. पहिल्यासाठी इंग्रजीत ‘क्लिफ’ किंवा ‘प्रेसिपिस’ आहे. दुसऱ्यासाठी ‘एज’, ‘रिम’, ‘ब्रिम’, ‘हेम’ यांतून निवड करावी लागते, आणि ती करण्याआधी वस्तू भांडे आहे, कापड आहे की पान आहे हे ठरवावे लागते. म्हणजे शब्दाचा निर्णय शब्दाकडे पाहून होत नाही, वस्तूकडे पाहून होतो. हा साधा नियम सूची विसरते.

कड्याच्या परिसरातील कामांतून जाणारे स्पर्श पाहिले म्हणजे ‘खडबडीत’ या एका शब्दाचे राज्य किती कृत्रिम आहे ते दिसते. जात्याचे उदाहरण घेता येईल. वापरून वापरून जात्याची तळी झिजते, गुळगुळीत होते आणि पीठ नीट पडत नाही. तेव्हा जात्याला टाकी लावून घ्यावी लागते. छिन्नीने पाडलेली ही खरखर म्हणजे दगडाचा दोष नव्हे, तीच जात्याची कार्यक्षमता. इंग्रजीतही गिरणीवाल्याच्या भाषेत यासाठी ‘रफ’ हे विशेषण पुरेसे ठरत नाही. दगड ‘ड्रेस’ केला असे म्हणतात. दोन्ही भाषांतील जाणकार विशेषणाऐवजी क्रियेकडे वळतात, कारण तो खरखरीतपणा मिळालेला नसून केलेला असतो. आता याच जात्यातून पडणारे पीठ पाहावे. ते जाडसर असेल तर मराठीत ‘भरड’, इंग्रजीत ‘कोर्स’. पिठाला कोणी ‘खडबडीत’ म्हणणार नाही, कारण ‘खडबडीत’ पृष्ठभागाविषयी बोलते आणि ‘भरड’ कणाच्या मापाविषयी. ‘रफ’ आणि ‘कोर्स’ यांतला फरक इंग्रजीच्या विद्यार्थ्याला शिकवताना जो घाम गाळला जातो, तो फरक त्याच्या घरच्या मराठीत आधीपासून नांदत असतो.

मातीचे उदाहरण याहून बोलके आहे. कृषिविषयक इंग्रजीत नांगरटीनंतर सहज मोकळ्या होणाऱ्या जमिनीला ‘फ्रायबल’ म्हणतात. कोशात या शब्दापुढे ‘ठिसूळ’ सापडतो आणि ‘ब्रिटल’पुढेही ‘ठिसूळ’च सापडतो. परिणामी ‘ठिसूळ जमीन’ असा प्रयोग कागदावर उतरतो. शेत नांगरलेला कोणीही माणूस तो उच्चारणार नाही. जमीन भुसभुशीत असते. हाड, काच आणि जुनी वीट ठिसूळ असते. ठिसूळ वस्तू मोडू नये अशी अपेक्षा असते आणि ती मोडते. भुसभुशीत माती फुटावी अशीच अपेक्षा असते. दोहोंतला भेद केवळ स्पर्शाचा नाही, त्या वस्तूकडून माणसाला काय हवे आहे याचा आहे. जी जमीन अशी फुटत नाही तिच्यासाठी मुरमाड, चोपण, चिबड असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या अडचणीचे नाव आहे : मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही, चिबड जमिनीत ते साचून राहते, चोपण जमीन ओली असता चिकटते आणि वाळली की कडक होते.

२०२२ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते आष्टी हा लोहमार्ग सुरू झाला आणि कडा हे त्यावरील एक स्थानक झाले. रुळांखाली जी खडी पसरतात तिला कोपरे असावे लागतात. नदीतले गोटे तिथे चालत नाहीत, कारण गोल गोटे एकमेकांवरून सरकतात आणि कोपरे असलेली खडी एकमेकींत अडकून बसते. इंग्रजी हा भेद ‘राउंडेड’ आणि ‘अँग्युलर’ अशा विशेषणांनी करते. मराठी तो नामातच करून मोकळी होते : खडी, गोटा, खडा, धोंडा, कपची, चीप, शिळा. ‘कोपरे असलेला खडीचा दगड’ म्हणायची गरज नसते. ‘खडी’ म्हटले की कोपरे आलेच.

या उदाहरणांवरून एक रचनात्मक गोष्ट स्पष्ट होते. स्पर्श आणि आकार यांचे भान इंग्रजीत मुख्यतः विशेषणांच्या कप्प्यात ठेवलेले आहे. मराठीत ते तीन कप्प्यांत वाटलेले आहे. काही नामांत आहे, ते वर पाहिले. काही अभ्यस्त व अनुकरणवाचक विशेषणांत आहे : खरखरीत, गुळगुळीत, तुळतुळीत, बुळबुळीत, लिबलिबीत, भुसभुशीत, लुसलुशीत. आणि फार मोठा भाग क्रियापदांत आहे. घोंगडी बोचते, काटा टोचतो, कुसळ सलते, दोरी काचते, खडा रुततो, शिवण खुपते, जखम चुरचुरते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ असेच म्हणतात. त्या कोयत्याखाली येणारे उसाचे पान कसे असते, असे विचारले तर उत्तर विशेषणात येत नाही. पान कापते, असे उत्तर येते. वनस्पतिशास्त्र त्याच्या कडेला दातेरी म्हणेल, इंग्रजी ‘सेरेटेड’ म्हणेल. दोन्ही शब्द पानाचा आकार सांगतात. ‘कापते’ हे क्रियापद पान आणि कातडी यांच्यात काय घडते ते सांगते. विशेषणांचीच मोजदाद करणाऱ्या सूचीला ही क्रियापदे दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या गोष्टी नाहीतच असे ती जाहीर करते.

यावर एक प्रतिष्ठित आक्षेप संभवतो. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून हे सर्वमान्य आहे की शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते. फ्रेंचमधला ‘मुताँ’ मेंढी आणि तिचे मटण या दोहोंना पुरतो, इंग्रजीत मात्र ‘शीप’ आणि ‘मटन’ वेगळे पडतात. म्हणून अर्थ जुळला तरी मूल्य जुळत नाही. प्रत्येक भाषा वास्तवाची आपापल्या रीतीने वाटणी करते. मग ‘रफ’ला ‘खडबडीत’ म्हटले काय, ‘खरखरीत’ म्हटले काय, जुळणी तर होणारच नाही, असा निष्कर्ष काढून संरचनावादाचा उत्साही अभ्यासक स्वस्थ बसतो. सूची म्हणते, सर्व काही जुळते. हा अभ्यासक म्हणतो, काहीच जुळत नाही. निवड करण्याच्या जबाबदारीतून दोघेही सारखेच सुटतात.

या आक्षेपातला पूर्वार्ध मान्य केला पाहिजे. दोन भाषांच्या जाळ्या एकमेकींवर बसत नाहीत हे खरेच आहे. ‘गुळगुळीत’ शब्दाला मराठीत झिजलेल्या नाण्याची छटा आहे, त्यामुळे गुळगुळीत शब्द म्हणजे वापरून निस्तेज झालेले शब्द. इंग्रजीतील ‘स्मूद’ला बोलण्याच्या संदर्भात लबाडीची छटा आहे, झिजेची नाही. परंतु जाळ्या वेगळ्या आहेत म्हणून मासा नाही असे होत नाही. जात्याचा दगड, भरड पीठ, चिबड जमीन, खडीचा कोपरा ही या भेदांची अशी अधिष्ठाने आहेत की ती कोणत्याही भाषिक संकेताच्या मर्जीवर नाहीत. खडीऐवजी गोटे पसरले तर रूळ सरकतील, मग त्यांना कोणत्याही भाषेत काहीही म्हणा. स्पर्शवाचक शब्दांच्या बाबतीत संकेताची स्वायत्तता मर्यादित आहे, कारण हाताला आणि हत्याराला तिथे नकाराधिकार आहे. म्हणून दोन भाषांतील शब्दांची तुलना शब्दाला शब्द लावून होत नाही. दोन्ही शब्द एका वस्तूपाशी आणि एका कृतीपाशी आणून ती करता येते.

असा विवेक करणे ही काही पश्चिमेची देणगी नव्हे. आयुर्वेदाने द्रव्यांचे जे वीस गुर्वादी गुण मानले त्यांत श्लक्ष्ण आणि खर, मृदू आणि कठीण, स्निग्ध आणि रूक्ष, विशद आणि पिच्छिल, सूक्ष्म आणि स्थूल या जोड्या स्वतंत्र ठेवल्या आहेत. जे खर ते रूक्ष असेलच असे नाही, जे कठीण ते खर असेलच असे नाही. ‘खडबडीत’ची सोय या पाचही अक्षांना एकत्र चुरगाळून टाकते. काव्यशास्त्राची साक्ष तर याहून अडचणीत टाकणारी आहे. उद्भटाने वर्णयोजनेवरून परुषा, उपनागरिका आणि ग्राम्या अशा तीन वृत्ती सांगितल्या. यांपैकी ग्राम्या हीच कोमला म्हणूनही ओळखली जाते. म्हणजे राठ ती परुषा, आणि ग्राम्या ती मऊ. ग्राम्यत्व हा दोषही त्याच परंपरेने सांगितला, आणि तिची अभिरुची नागर होती यात शंका नाही. तरीही नादाचा कठोरपणा आणि खेड्याशी असलेले नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे भान तिने राखले. आधुनिक मराठी समीक्षेने ते सोडले.

कसे सोडले ते पाहण्यासाठी फार शोध करावा लागत नाही. गेल्या अर्धशतकात ग्रामीण आणि दलित लेखनाच्या भाषेविषयी लिहिताना ‘रांगडी’, ‘राकट’, ‘रासवट’, ‘ओबडधोबड’, ‘खडबडीत’ ही विशेषणे इतक्या सहजतेने वापरली गेली आहेत की ती वर्णन करतात असे वाटावे. बहुतेक वेळा ती गौरवार्थी असतात. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रत्येक स्पर्शवाचक विशेषण वस्तूच्या घडणीविषयी एक विधान करीत असते. ‘ओबडधोबड’ म्हणजे पुरते न घडवलेले. ‘रासवट’ म्हणजे संस्कार न झालेले. इंग्रजीत अनुवादित दलित साहित्यावर लिहिताना ‘रॉ’ आणि ‘क्रूड’ हे शब्द येतात. ‘रॉ’ म्हणजे कच्चे, आणि ‘क्रूड’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ कच्चे हाच. ‘रफ’ म्हणजे अजून हात फिरायचा आहे असे. कच्च्या खर्ड्याला इंग्रजीत ‘रफ ड्राफ्ट’ म्हणतात. ‘रगिड’ मात्र ऊनपाऊस सोसून टिकलेले. ‘जॅगिड’ म्हणजे दातेरी कडेचे, कापणारे. या शब्दांतून निवड करताना समीक्षक भाषेचा स्पर्श सांगत नसतो; लेखकाने श्रम केले की नाही याचा निवाडा देत असतो. ‘रॉ’ म्हटले की लेखकाचे सगळे कारागिरीचे काम एका अक्षरात नाकारले जाते. अनुभव आला आणि तो तसाच कागदावर पडला, असा त्याचा अर्थ होतो.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. वेश्यावस्तीची बोली, संस्कृतप्रचुर शब्द, राजकीय घोषणांची भाषा आणि शिवी यांची जी सांधेजोड त्या संग्रहात आहे ती कच्चेपणातून निघू शकत नाही. निरनिराळ्या पोताचे तुकडे मुद्दाम कडेला कड लावून, शिवण दिसेल अशा रीतीने जोडणाऱ्या हातातूनच ती निघते. तिथे विशेषण हवेच असेल तर ते कापणाऱ्या कडेचे हवे, न घडलेल्या दगडाचे नव्हे. दिलीप चित्रे यांनी या कवितांचे जे इंग्रजी अनुवाद केले, त्यांच्या वाचकासमोर ही निवड पुन्हा उभी राहते. त्याने ‘रॉ’ म्हटले तर तो कवीला साक्षीदार ठरवतो, ‘जॅगिड’ म्हटले तर रचनाकार.

मराठवाड्याच्या लेखनातले उदाहरण भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेचे. बाजारात भाव न मिळालेल्या टोमॅटोंचा तुडवून झालेला चिखल हा तिचा विषय. इंग्रजीत हे शीर्षक न्यायचे झाल्यास ‘पल्प’, ‘मश’, ‘स्लश’, ‘मड’ असे पर्याय समोर येतात. पदार्थाच्या दृष्टीने ‘पल्प’ सर्वांत अचूक, कारण तो फळाचा लगदा आहे. पण लेखकाने ‘लगदा’ म्हटलेले नाही, ‘चिखल’ म्हटले आहे. पिकाला पुन्हा मातीच्या नावाने संबोधणे हा त्या शीर्षकाचा गाभा आहे. ‘मड’ हा कमी अचूक शब्द म्हणून अधिक योग्य ठरतो. अशा शीर्षकाच्या लेखकाची भाषा ‘खडबडीत’ आहे म्हणणारा समीक्षक शीर्षकाचे दोन शब्दही नीट वाचत नाही.

विशेषणातून निवाडा कसा शिरतो याचा सर्वांत उघड दाखला साहित्याबाहेरचा आहे. ज्वारी-बाजरीला इंग्रजी प्रशासकीय व व्यापारी भाषेत ‘कोर्स ग्रेन्स’ म्हणत आले. मराठीत त्यांची ‘भरड धान्ये’ झाली. बाजरीचा दाणा हातात घेतला तर तो लहान आणि वाटोळा लागतो. त्यात भरड असे काही नाही. मराठी ‘भरड’ हा शब्द ‘भरडणे’ या क्रियेशी बांधलेला आहे. न भरडलेल्या धान्याला तो लागू होण्याचे स्पर्शाच्या अंगाने काही कारण नव्हते. ‘कोर्स’ इथे पोत सांगत नाही, पायरी सांगतो. इंग्रजीतील हा शब्द बहुधा ‘सामान्य, नेहमीचे’ या अर्थाच्या ‘कोर्स’पासूनच निघाला, साधारण प्रतीच्या कापडाला तो लागला आणि पुढे माणसांच्या वागण्यालाही. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याच धान्यांना ‘श्री अन्न’ म्हटले गेले. दाणा तोच राहिला. विशेषण काढून सन्मान चढवावा लागला, यावरूनच ते विशेषण कधीच दाण्याचे नव्हते हे सिद्ध होते. ‘रांगडी भाषा’ या प्रयोगाचीही जात हीच आहे.

आता समीक्षेच्या खुद्द परिभाषेकडे वळले पाहिजे. ‘कवितेचा पोत’ हा प्रयोग आज इतका प्रचलित आहे की तो परिभाषा आहे याचाच विसर पडतो. जॉन क्रो रॅन्समने १९४१ च्या सुमारास कवितेची संरचना आणि तिचे ‘टेक्श्चर’ यांत भेद केला, तेव्हा त्याने उपमा घेतली ती घराची : भिंत ही संरचना, तिच्यावरचा रंग, कागद वा पडदा हे ‘टेक्श्चर’. मराठीने ‘टेक्श्चर’साठी ‘पोत’ घेतला, आणि शब्दाबरोबर नकळत सिद्धान्तही बदलला. पोत कापडाचा असतो. तो कापडावर चढवलेला नसतो. उभ्या-आडव्या धाग्यांनी कापड बनते तेव्हाच तो बनतो. रंग खरवडून भिंत शिल्लक राहते. पोत उसवून कापड शिल्लक राहत नाही. कृषिशास्त्रात जमिनीचा पोत म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे प्रमाण, जे मशागतीने सहसा बदलत नाही. बदलते ती कणांची घडण. आणि कड्याचा शेतकरी ‘जमिनीचा पोत गेला’ म्हणतो तेव्हा तो कणांविषयी बोलत नसतो, कसाविषयी बोलत असतो. कवितेचा पोत म्हणणाऱ्या समीक्षकाला यांतले काय अभिप्रेत आहे : वरचा रंग, विणकर, कणांचे प्रमाण, की पिकवण्याची ताकद? बहुतेक लेखनात हा प्रश्न विचारलेलाही नसतो. रॅन्समचा अर्थ मनात, विणकराचा शब्द ओठांवर, अशी ही स्थिती आहे; आणि त्यामुळे ‘खडबडीत पोत’ यासारखे, कापडाला आणि दगडाला एकाच वेळी हात लावणारे शब्दप्रयोग निष्काळजीपणे लिहिले जातात.

यातून सुटण्यासाठी नवे कोश नकोत. वापराची शिस्त हवी. मोल्सवर्थने १८३१ मध्ये आणि पुन्हा १८५७ च्या सुधारित आवृत्तीत एका मराठी शब्दापुढे अनेक इंग्रजी शब्दांची रांग लावली, ती त्याला नेमका शब्द सापडेना म्हणून नव्हे. एकास एक जुळणी होत नाही हे ठाऊक होते म्हणून. त्या रांगेतला पहिला शब्द उचलून सूची तयार करणाऱ्यांनी कोशाची सावधगिरी टाकून दिली. प्रत्येक निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारणे अनुवादकाला, अध्यापकाला आणि समीक्षकाला सारखेच शक्य आहे. हा गुण कोणत्या कृतीत जाणवतो : हात फिरवताना, चावताना, दळताना की चालताना? तो कोणत्या मापावर आहे : कणाच्या, पृष्ठभागाच्या, कडेच्या की भूभागाच्या? आणि त्या वस्तूकडून हा गुण हवा आहे की नको आहे? पहिल्या दोन प्रश्नांनी ‘रफ’, ‘कोर्स’, ‘जॅगिड’ आणि ‘रगिड’ एकमेकांपासून बहुतांशी सुटतात. तिसऱ्याने निवाडा उघडा पडतो.

कड्यासारख्या गावातून पदवीच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला हे तिन्ही प्रश्न परके नाहीत. भरड आणि खरखरीत यांत तो घरी कधी चुकत नाही. भुसभुशीत जमिनीला ठिसूळ म्हणणे त्याच्या कानाला खटकते. वर्गात आल्यावर मात्र त्याला सांगितले जाते की इंग्रजीत पाच शब्द आहेत आणि त्याच्या भाषेत एक. तो हे मान्य करतो, पाठ करतो, आणि पुढे स्वतः शिक्षक किंवा समीक्षक झाल्यावर आपल्याच आजीच्या भाषेला ‘रांगडी’ म्हणतो. ‘खडबडीत’ या शब्दाची सोय ज्यांनी केली त्यांनी त्याचे काम हलके केले नाही. त्याच्याजवळ जे होते ते त्याच्या नकळत काढून घेतले. ते परत करण्याची सुरुवात जात्यापासून करता येईल. टाकी लावलेल्या दगडाला काय म्हणतात हे त्याला आधी विचारावे, आणि ‘रफ’चा अर्थ मग सांगावा.